गिझरमागचा रंग आणि उरलेले अकरा दिवस

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: "बाथरूममध्ये गिझरच्या आणि फ्लशच्या टाकीच्या मागे रंगाचे पापुद्रे सुटलेत. ठेकेदार दोन्ही उतरवून रंग द्यायचे २२,००० मागतोय. क्रेडिट कार्डावर हप्ते करू का? हाताशी काही नाही. १ लाखाची एफडी सुटली होती, ती बँकेतल्या साहेबांनी साडेसात टक्के गॅरंटीच्या योजनेत घातली. कागद येऊन १९ दिवस झाले." सोबत त्या कागदाचा फोटो. पगार हातात ४२,०००.

ताई, रंगाचं नंतर बघू. फोटोतला कागद एफडीचा नाही, आयुर्विम्याच्या पॉलिसीचा आहे. दरवर्षी १ लाख, सलग १० वर्षं, आणि विसाव्या वर्षाअखेर २२ लाख. म्हणजे महिन्याला ८,३०० रुपये, पगाराचा पाचवा हिस्सा. हे साहेबांनी सांगितलं होतं का?

साडेसात टक्के कुठून आले तेही बघा. १० लाखांवर १२ लाख नफा, आणि एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकलेला. सरळव्याजाने भागलं की साडेसातच्या थोडं वरच दिसतात. चक्रवाढीने पाच-सव्वापाच. एवढं तर साधी एफडीही देते, आणि ती मोडताही येते.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमचे ११ दिवस उरलेत. बँकेत जाऊ नका, तिथे "वर्षभर थांबा, मग काढू" असंच ऐकवतील. त्यांचं टार्गेट पूर्ण झालंय. थेट विमा कंपनीच्या शाखेत जा. अर्जात पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि "एफडी म्हणून विकली, फ्री लूकमध्ये रद्द करा" एवढं लिहा. मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेलही करा. फोनवरच्या पडताळणीत तुम्ही "हो, हो" म्हणाला असाल, तरी हा हक्क जात नाही. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही. परत आलेले पैसे पुन्हा एफडीतच ठेवा, अडीअडचणीसाठी. शेअरबाजाराचं नावही नको.

कार्डाचे हप्ते नकोतच. व्याज, प्रोसेसिंग फी आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

आता रंग. ६ बाय ४ चं बाथरूम, टाइल्स सात फुटांपर्यंत, छत दहा फुटांवर असं धरलं, तर वरच्या भिंती आणि छत मिळून ८५ चौरस फूट. दोन हातांना दोन लिटर बुरशीरोधक इमल्शन पुरतं. प्रायमर, पॉलिश पेपर, चार इंची रोलर धरून सामान अडीच हजारांच्या आसपास. रंगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी वेगळी. २२,००० कशाचे?

गिझर उतरवायची गरज नाही. एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला गिझरचा खटका) बंद करा, गिझर गार होऊ द्या. अर्धा इंच जाडीची लाकडी पट्टी घ्या, तिच्या टोकाला जुना मोजा गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधा. लांब पत्र्याच्या पट्टीने पापुद्रे खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने बुरशी पुसा, पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाणी फिरवा. हे काम नळाला पाणी येईल त्या दिवशीच करा. नंतर दोन दिवस वाळू द्या. मोजा डब्यात बुडवू नका, ब्रशने त्याला रंग लावा, नाहीतर ओघळ थेट टाइल्सवर. पातळ दोन हात, मध्ये चार तास. टाकीमागेही हीच पट्टी चालते.

पण पापुद्रे का सुटले ते आधी बघा. गिझरच्या नळांच्या जोडांभोवती टिश्यू पेपर गुंडाळून तासभर ठेवा. ओला झाला तर रंगाऱ्याआधी प्लंबर लागेल. आणि डाग छताला असेल तर वरच्या गच्चीवर पाणी कुठे साचतं ते बघा. गळती बंद न करता दिलेला रंग पुन्हा सुटणारच.