पट्ट्याला चिखल कळत नाही

येळ्ळूरला दिवसभर भाताची लावण केली, कंबर धरली, आणि मुलाने दिलेल्या मनगटी पट्ट्यावर पावलं जेमतेम अडीच हजार. पट्टा बिघडलाय का?

नाही ताई, पट्टा ठीक आहे, आणि तुमचे कष्टही खरे आहेत. आत ॲक्सिलरोमीटर नावाची बारीक चिप असते. ती वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे बसणारे हिसके सेकंदाला तीस ते शंभर वेळा नोंदवते, आणि त्यात चालीचा ताल सापडला की पावलं मोजते. लावणीत तो ताल नसतोच. डाव्या हातात तरव्याची पेंडी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या खोवायच्या, मग चिखलात रुतलेला पाय ओढून वीतभर मागे. पाठीवरचा ताण आणि चिखलाची ओढ यांची नोंद तिथे होत नाही. डोक्यावरच्या भाऱ्याचंही तसंच: ओझं असो-नसो, पावलं तेवढीच. तेव्हा आकडा बघून संध्याकाळी वेगळं फिरायला जाऊ नका. पाठ टेका.

निपाणीला आमची आई दिवसभर बसून विड्या वळते. तरी पट्ट्यात हालचाल भरपूर दिसते. ती पुरेशी समजावी का?

समजू नका. हात चालतात म्हणून मनगट हलतं. मांड्या आणि धड मात्र तासन्तास जागचे हलत नाहीत. तोच सेन्सर कमरेला बांधला तर बैठक स्पष्ट दिसेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत 2003 ते 2006 मध्ये तो कमरेला बांधत. 2011 पासून मनगटावर आणला, कारण तिथे लोक तो जास्त वेळ ठेवतात. त्यामुळे दोन्हींचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. आईला अधूनमधून सूप बाजूला ठेवून उठू द्या, अंगणात चार फेऱ्या मारू द्या. मजुरी विड्यांच्या संख्येवर असते, त्यामुळे हे सांगणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

वय 68, राहणार शहापूर. दहा हजार पावलं होत नाहीत, मन खट्टू होतं.

काका, तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगतच नाही. तिच्या 2020 च्या शिफारशीत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम आहेत, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की चाल मध्यम समजावी: बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही.

उद्यमबागेत सायकलने जातो. कमरेच्या सेन्सरवर त्याची नोंद का नाही?

सायकलवर कंबर जवळपास स्थिर असते म्हणून. ती मिनिटं वहीत लिहा.

पाहणीवाले सात दिवस पट्टा बांधायला सांगतात. तोंडी विचारलं तर चालणार नाही?

तोंडी आपण सगळेच जास्त सांगतो. त्याच अमेरिकन पाहणीत शिफारशीइतके श्रम करणारे प्रौढ सेन्सरप्रमाणे पाच टक्क्यांहून कमी निघाले. तोंडी सांगणारे कितीतरी जास्त होते. दिवस धरायला सहसा किमान दहा तास पट्टा अंगावर लागतो, आणि असे निदान चार दिवस. अंघोळीला काढलात तर कपड्यांवरच ठेवा, म्हणजे परत बांधायचं राहणार नाही. आणि त्या आठवड्यात लावण, ऊसतोड किंवा मळणी असेल तर पाहणीवाल्यांना तारखेसकट लिहून घ्यायला लावा.