एका माशासाठी कोर्टाने बांधून होत आलेलं धरण खरंच थांबवलं होतं का? आणि पुढे काय झालं?

थांबवलं होतं. अमेरिकेत, १९७८ साली. खटला टेलिको धरणाचा. मी पर्यावरण कायदा शिकलो तेव्हा आम्हाला तो निकालापर्यंतच शिकवला होता, खरी गंमत पुढेच आहे.

टेनेसी राज्यात लिटल टेनेसी नदीवर टीव्हीए या सरकारी महामंडळाने १९६७मध्ये काम सुरू केलं. या धरणात वीजनिर्मितीचा एकही संच नाही! पाणी कालव्याने शेजारच्या फोर्ट लाउडन धरणाकडे वळवायचं आणि तलावाकाठच्या जमिनी विकसित करायच्या, असा बेत. म्हणून जेवढी जमीन बुडणार होती, तिच्या दुपटीहून जास्त संपादित केली. चेरोकी लोकांची चोटा, टनासी ही जुनी गावंही बुडितात जाणार होती. शेतकरी भांडत होते, पण दाद लागत नव्हती.

ऑगस्ट १९७३मध्ये डेव्हिड एटनियर या मत्स्यतज्ज्ञाला नदीच्या उथळ, वाहत्या पाण्यात जेमतेम तीन इंचांचा, गोगलगायी खाणारा मासा सापडला: स्नेल डार्टर. त्याच डिसेंबरात संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आला. त्याच्या कलम ७प्रमाणे संघीय सरकारच्या कुठल्याही खात्याला अशा प्रजातीचा महत्त्वाचा अधिवास नष्ट करता येत नाही. हायरम हिल हा कायद्याचा विद्यार्थी आणि प्राध्यापक झिग्मंट प्लेटर यांनी याच कलमावर दावा लावला.

सर्वोच्च न्यायालयात खुद्द ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल यांनी बाटलीतला मेलेला मासा न्यायमूर्तींना दाखवला. एवढ्याशा जिवापायी दहा कोटी डॉलरांहून जास्त खर्च झालेलं काम अडवायचं? न्यायालय बधलं नाही. खालच्या न्यायालयाने धरणाच्या कामाला केलेली मनाई ६ विरुद्ध ३ मतांनी कायम राहिली. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं की कायद्याची भाषा स्वच्छ आहे, फायद्या-तोट्याचं गणित मांडणं न्यायालयाचं काम नाही.

मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून सूट देण्यासाठी एक समिती नेमली. प्रजाती जगवायची की मरू द्यायची हे तीच ठरवणार, म्हणून टोपणनाव पडलं 'गॉड स्क्वॉड'. जानेवारी १९७९मध्ये या समितीनेच एकमताने सूट नाकारली! धरण जवळपास बांधून झालं होतं, तरी उरलेल्या कामाचा खर्चसुद्धा फायद्यातून निघत नव्हता. माझ्या मते खटल्याचा गाभा हा आहे. लोकांपर्यंत मात्र 'मासा विरुद्ध धरण' एवढंच पोचलं.

पुढे जॉन डंकन या प्रतिनिधीगृहाच्या सदस्याने खर्चाच्या विधेयकात, सभागृहात वाचूनही न दाखवता, टेलिकोला सूट देणारी दुरुस्ती घुसडली. सिनेटमध्ये हॉवर्ड बेकर यांनी ती रेटली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि २९ नोव्हेंबर १९७९ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले.

मासा तगला. हायवासी नदीत नेऊन सोडलेले जगले, इतर नद्यांतही सापडले. २०२२मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून वगळला गेला. २०२५मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तर ही वेगळी प्रजातीच नाही असं मांडलं. त्यावरून 'म्हणजे खटलाच पोकळ होता' म्हणणारे तुम्हाला भेटतील. त्यांना समितीचा हिशोब दाखवा, तो डॉलरांत मांडलेला आहे.