आमदारांचा अधिवेशन अहवाल हाती आला, आता तो वाचायचा कसा?

पावसाळी अधिवेशन संपले की आमदारांच्या कार्यालयातून अहवाल येतो. कधी घडीपत्रिका, कधी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. किती प्रश्न मांडले, किती निधी आणला, कोणते कायदे झाले, याचा हिशेब त्यात असतो. मी बरीच वर्षे आमदारांसाठी प्रश्न आणि लक्षवेधींचे (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनांचे) मसुदे लिहिले, त्यामुळे हा अहवाल दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. तो नीट वाचणारे मतदार आमदाराचे काम सुधारतात, हे मी अनुभवाने सांगतो. या वेळी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या आमदारांनी ‘या अधिवेशनात ४२ प्रश्न मांडले’ असे छापले आहे. आकडा मोठा वाटतो. तो खरा मानायचा का? (सातारा जिल्हा)

आकडा खरा असू शकतो, पण त्यावरून काम कळत नाही. आधी हे पाहा की त्यातले तारांकित किती आणि अतारांकित किती. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचे उत्तर लेखी येते. प्रश्नोत्तराचा तास एकच असल्याने यादीतले वरचे थोडेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरे छापील यादीत राहतात. शिवाय एका प्रश्नाखाली पाच-सात सदस्यांची नावे असतात आणि प्रत्येकाच्या अहवालात तो स्वतंत्रपणे मोजला जातो. यात गैर काही नाही, पद्धतच तशी आहे. पण वाचणाऱ्याला ती माहीत हवी.

खरा ऐवज उत्तरात असतो. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘हे खरे आहे काय’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरेही ठराविक शब्दांत येतात. ‘होय, हे खरे आहे’ आले तर तक्रार शासनाने मान्य केली. तो कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडा. ‘हे खरे नाही’ आले तर तुमच्याकडचा पुरावा आमदारांकडे पुन्हा न्या. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर मला सर्वात मोलाचे वाटते, कारण कोणता अंश खरा हे विभागाला पुढे सांगावेच लागते आणि तिथे तारखा, रकमा, मंजूर व रिक्त पदे असा तपशील सापडतो. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे बहुतेक वेळा विलंबाच्या कारणासमोर येते. म्हणजे विभागाच्या मते विलंब झालेलाच नाही. तुमच्या गावात तो झाला असेल, तर पुढचा प्रश्न त्याच मुद्द्यावर बेतता येतो.

म्हणून आमदारांकडे ४२ ही संख्या मागू नका, आपल्या तालुक्याच्या दोन प्रश्नांची छापील उत्तरे मागा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, पण नेमका प्रश्न शोधायला वेळ लागतो. कार्यालयाकडे त्या हाताशी असतात आणि मागितल्या तर दिल्या जातात.

प्रश्न : ‘आपल्या रस्त्यासाठी अडीच कोटी मंजूर’ असा फलक लागून वर्ष झाले. खडीची एक गाडी आली नाही. फसवणूक समजायची का? (बीड जिल्हा)

लगेच तसे समजू नका, पण गप्पही बसू नका. ‘मंजूर’ या एका शब्दात चार-पाच वेगवेगळ्या अवस्था कोंबलेल्या असतात. काम अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाच्या मागणीत आले, तरी लोक मंजूर म्हणतात. त्यानंतर प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला शासनाची संमती), मग तांत्रिक मान्यता (अभियंत्यांकडून आराखडा व अंदाजपत्रकाला मंजुरी), मग निविदा आणि शेवटी ठेकेदाराच्या हाती कार्यारंभ आदेश. हा आदेश निघाल्याशिवाय रस्त्यावर कोणी फिरकत नाही.

आणि पैसा ही आणखी निराळी गोष्ट आहे. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०० कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. ही खर्चाची परवानगी आहे. ती मिळाली म्हणजे रोकड जिल्ह्यात पोहोचली असे होत नाही, त्यासाठी विभागाने निधी वितरित करावा लागतो. कित्येक कामांना सुरुवातीला केवळ टोकन तरतूद असते. अडीच कोटींच्या कामाला पहिल्या वर्षी त्याचा लहानसा हिस्साच ठेवलेला असतो आणि मागची देयके थकली की ठेकेदार हात आखडता घेतात.

आता तुम्ही काय करायचे? आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे ‘प्रजिमा’, आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावातला सिमेंट रस्ता असेल तर बहुधा ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) आलेला असतो, ज्याला सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. मग उपअभियंत्यांच्या कार्यालयात जाऊन प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, निविदेची स्थिती आणि आजवर वितरित झालेला निधी विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. आमदारांनाही हेच तीन प्रश्न विचारा. ज्यांनी खरोखर पाठपुरावा केला आहे त्यांना मान्यतेचा क्रमांक तोंडपाठ नसेल, पण फाइलमध्ये नक्की असतो.

प्रश्न : आमदार निधीतून गावात अभ्यासिका हवी आहे. आमदार पैसे देत नाहीत. (नांदेड जिल्हा)

पैसे आमदारांच्या खात्यात नसतात. वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामे ते सुचवतात आणि मंजुरी व निधी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत जातो. जागा ग्रामपंचायतीच्या नावे असल्याचा उतारा, ग्रामसभेचा ठराव आणि शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, एवढे घेऊन जा. नुसत्या निवेदनापेक्षा अशी तयार फाइल नेणाऱ्या गावाचे काम आधी होते.

प्रश्न : जनसुरक्षा विधेयकावर आमच्या आमदारांनी काय मत दिले हे अहवालात नाही. ते कुठे कळेल? (पुणे)

हा प्रश्न विचारल्याबद्दल मला मनापासून आनंद झाला. गटारे आणि सभामंडपांच्या यादीत कायद्याचे काम दिसेनासे होते, आणि विधानसभेतील २८८ जणांना आपण मुख्यतः त्यासाठीच निवडतो.

कडव्या डाव्या विचारांच्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांविरुद्धचे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत १० जुलै २०२५ रोजी आवाजी मतदानाने संमत झाले. आवाजी मतदानात ‘होय’ आणि ‘नाही’ असे आवाज उठतात, अध्यक्ष निर्णय देतात, सदस्यनिहाय नोंद होत नाही. ती हवी तर कोणीतरी मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, मागावी लागते. त्यामुळे आपले आमदार कुठे होते हे मतांच्या यादीत सापडणार नाही, भाषणात सापडेल. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी सभागृहात विरोध नोंदवला, हे आपल्याला त्यामुळेच माहीत आहे. पक्षादेश (व्हिप) निघाला असेल तर विरोधी मत देणाऱ्याची आमदारकी पक्षांतरबंदी कायद्याखाली धोक्यात येऊ शकते. भाषणात, दुरुस्ती सुचवण्यात मात्र बरीच मोकळीक उरते, म्हणून मी आमदाराला जोखताना तेच पाहतो.

हे विधेयक आधी संयुक्त समितीकडे गेले होते आणि तिच्याकडे लोकांच्या व संस्थांच्या १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. विधेयक समितीकडे असतानाचा काळ हा तुमच्या पत्राला सर्वाधिक वजन असलेला काळ असतो. संमत झाल्यावर पाठवलेले पत्र फार उशिरा पोहोचते.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. मागे यावर लक्षवेधी झाली, मंत्र्यांनी पद भरण्याचा शब्द दिला, पुढे काही नाही. नागपूरच्या अधिवेशनात हे पुन्हा निघेल का? (नंदुरबार जिल्हा)

निघू शकते, आणि तुमची बाजू वाटते त्याहून भक्कम आहे. सभागृहात मंत्र्यांनी दिलेला शब्द हवेत विरत नाही. कार्यवाहीच्या वृत्तांतातून अशी आश्वासने वेगळी काढली जातात आणि त्यांची पूर्तता झाली की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. लक्षवेधीचा दिवस शोधा, त्या दिवसाच्या वृत्तांतातले मंत्र्यांचे वाक्य आमदारांकडून जसेच्या तसे मिळवा आणि समितीपुढे हे आश्वासन नोंदले आहे का, ते विचारा.

सोबत एका पानाचे टिपण द्या. केंद्राचे नाव, मंजूर पदे, भरलेली पदे, डॉक्टर कोणत्या तारखेपासून नाही, सर्वात जवळचे दुसरे केंद्र किती किलोमीटरवर. भावना त्यात लिहू नका, ती तुमच्या आमदाराने बोलायची आहे. एखाद्या बाळंतिणीला रात्री जीपमधून न्यावे लागले असेल तर तारीख घाला, नाव नको. मी असे टिपण हाती आले की तासाभरात प्रश्न तयार करत असे. नुसते ‘आरोग्य सेवा कोलमडली आहे’ असे निवेदन आले की त्यातून मंत्र्यांना विचारण्यासारखे काहीच मिळत नसे.

१९५३च्या नागपूर करारापासून वर्षातले एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले आहे, आणि ते बहुधा डिसेंबरात भरते. प्रश्नांची सूचना मात्र त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. तेव्हा टिपण दिवाळीच्या आधी आमदारांच्या कार्यालयात पोहोचवा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.