मोकळ्या मैदानावर कार्यक्रमासाठी तंबू घेतोय. कापड वॉटरप्रूफ असलं की हवामानाची काळजी मिटते का?

नाही मिटत. तुम्ही पावसाचं विचारलंय, पण तंबू उभारायच्या कामात असल्यामुळे मी आधी वाऱ्याचंच बोलणार. पावसाने माणसं भिजतात, वाऱ्याने तंबू जागा सोडतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६ किलो धरा, ताशी ७२ ला तोच २५ किलोच्या घरात जातो. १० मीटर लांब, ३ मीटर उंच कनात असेल तर १८० किलोचे साडेसातशे झाले. शिवाय हवामान अंदाजात ठळक दिसतो तो बहुतेक वेळा सरासरी वेग. तंबू मोडतो तो झोताने, आणि झोत त्याहून बराच जास्त असतो. अंदाजात झोतांचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरून चाला.

सगळ्यात वाईट मांडणी म्हणजे तीन बाजूंना कनाती आणि उघडी बाजू नेमकी वाऱ्याकडे. वारा आत शिरतो, बाहेर पडायला वाट नाही, मग तो छताला खालून उचलतो. वरून जाणारा वारा छताला वर ओढत असतोच. दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. तीन बाय तीन मीटरच्या घडीच्या तंबूला दहा-दहा किलोच्या चार वाळूच्या पिशव्या बांधून लोक निवांत बसतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

पाऊस येतो तो जमिनीच्या वाटेने. कोरड्या, घट्ट मातीत घण घालून घालून उतरवलेली मेख रात्रभर पाऊस झाला की हाताने हलते. सकाळी वर छताकडे न बघता आधी मेखांकडे बघा. मेखेच्या मागच्या अंगाला, म्हणजे तंबूच्या विरुद्ध बाजूला, मातीत बोटभर फट दिसली तर ती मेख ओढली जातेय. तीच पुन्हा ठोकून भागत नाही. जागा बदला, लांब मेख घ्या किंवा जोडीला दुसरी द्या. फरशीवर मेखा चालत नाहीत म्हणून पाण्याचे ड्रम लावतात. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो, पण ओल्या गुळगुळीत फरशीवर तोही सरकतो.

तणावे, म्हणजे तंबू मेखांना ताणून धरणारे दोर, तेही बघा. सुती दोर भिजला की आखडतो आणि मेखा उपटू पाहतो, नायलॉनचा सैल पडतो. सैल दोर म्हणजे सैल छत, आणि सैल छतावर पाणी साचतं. एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो. त्या वजनाने झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी येतं. झोळ लहान असतानाच टोकाला कापड गुंडाळलेल्या काठीने खालून उचलून पाणी काठाकडे सोडा. मोठा झाला असेल तर खाली कोणी उभं राहू नये. ते पाणी एकदम सरकतं आणि खांब घेऊन पडतं.

उन्हाबद्दल फार सांगण्यासारखं नाही: छत उंच ठेवा, वर हवा जायला झरोका ठेवा. थंड रात्री सगळ्या कनाती बंद करून आत गर्दी बसली की श्वासातली वाफ छताला लागून थेंब पडतात आणि ‘तंबू गळतोय’ अशी तक्रार येते. एखादी कनात थोडी उघडली की थांबतं.

विजेपासून तंबू वाचवत नाही. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. लोकांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत हलवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत आणू नका. गडगडाटी ढगातून उतरणारा गार वारा बऱ्याचदा पहिल्या थेंबाच्या आधीच धडकतो, तेव्हा पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. तंबू किती वेगापर्यंत टिकतो हा आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या, कनाती लावल्यावरचा. त्याच्या बऱ्याच खाली आपली मर्यादा ठरवा, हातातलं वारामापक यंत्र ठेवा, आणि तंबू रिकामा करा हे सांगायचा अधिकार एकाच माणसाला आधीच देऊन ठेवा. आयोजकांची बैठक भरवायला तेव्हा वेळ नसतो.

उतरवताना कापड ओलंच गुंडाळावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. सुती कापड तर त्याने कुजतंच.