फुगा बंद केला, मग नस का आकसली?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडला राहतो. अप्पा ५४ वर्षांचे, पॉवरलूमवर कामाला. गेल्या महिन्यात नाइट करून आले आणि दारातच डोकं धरून खाली बसले, असं कधीच दुखलं नाही म्हणाले, उलटी झाली, मान ताठ. मेंदूभोवती रक्तस्राव, नसेवरचा फुगा फुटलाय असं कळलं, दुसऱ्या दिवशी कॉइलिंग झालं, म्हणजे आतून बारीक तारेचं वेटोळं भरून फुगा बंद केला. चौथ्या दिवशी चांगलं बोलले, चहा मागितला, आम्ही सिद्धेश्वराला नारळ फोडून आलो. आणि सातव्या दिवशी संध्याकाळी चावीला कंगवा म्हणायला लागले, उजवा हात जड. व्हॅसोस्पाझम म्हणाले, नसा आकसल्यात, आणि बीपी वाढवायचं औषध लावलं! मामा म्हणतात कॉइलिंगच चुकलं असणार. आता घरी आणलंय, २१ दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत संपतील, बंद केल्या की परत आकसेल का? आणि हार्टसारखी स्टेंट टाकून मोकळं का नाही केलं?

उत्तर : ताई, मामांचं आधी. फाइल न बघता मी छातीठोक काही सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेले दिवसच बोलके आहेत. ही आकसण रक्तस्रावानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. अप्पांचा सातवा दिवस होता. कॉइलिंग उत्तम झालं तरी हे होतं, कारण कॉइलनं फक्त भोक बुजतं, बाहेर सांडलेलं रक्त तिथंच राहतं.

आणि खरा त्रास त्या सांडलेल्या रक्ताचाच. मेंदूच्या मोठ्या नसा मेंदूत शिरण्याआधी त्याच्या आवरणाखालच्या पाण्यातनं जातात, रक्त सांडतं तेही तिथंच, म्हणजे नस बाहेरून रक्तात भिजत पडते. पहिले काही दिवस तांबड्या पेशी शाबूत असतात, मग फुटायला लागतात आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं, म्हणून तर हा मधला चार दिवसांचा फसवा आराम. नस सैल ठेवायला नायट्रिक ऑक्साइड लागतं, ते हे हिमोग्लोबिन खाऊन टाकतं, उलट नस आवळणारं एंडोथेलिन वाढतं, नसेच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरतं आणि तो आवळला की सुटायचं नाव घेत नाही. बरं नुसतं आवळणंच नाही, पुढच्या दिवसांत भिंतीला सूज येते, आतलं अस्तर जाड होतं, म्हणून नस सैल करायचं औषध दिलं आणि झालं असं होत नाही. सीटीवर रक्ताचा थर जितका जाड तितका धोका जास्त. अँजिओग्राफीत ही आकसण पहिल्यांदा नीट दाखवली ती १९५१ साली, एकर आणि रीमेनश्नायडर या डॉक्टरांनी. तपासलं तर बऱ्याच पेशंटमध्ये, जवळपास दोन तृतीयांश लोकांत ती दिसते, पण लक्षणं साधारण तिघांत एकालाच येतात.

बीपीचं कोडं सोलापूरकराला मी काय समजवायचं! नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली मोटर का लावते, बारीक धारेला जोर मिळावा म्हणूनच ना. नस बारीक झाली की रक्त पुढे ढकलायला दाब लागतो. फुगा उघडा असताना हे धोक्याचं, बंद केल्यावर डॉक्टर आयसीयूत मोजूनमापून करतात. घरी मात्र असले प्रयोग नकोत, आणि 'बीपी आहे ना' म्हणून मनानं मीठ-पाणी तोडणंही नको, या आजारात रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, खाली जाऊ शकतं.

स्टेंटचं म्हणाल तर हार्टमध्ये वर्षानुवर्षं साचलेली चरबी असते, ती आपण होऊन जात नाही, ही आकसण जाते. फारच झाली तर कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळीनं, नसेतच औषध सोडतात किंवा त्या नळीवरच्या छोट्या बलूननं नस आतून ताणतात.

गोळ्या म्हणजे निमोडिपिन, दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, रात्री दोनला उठवूनसुद्धा. गंमत अशी की या गोळीनं अँजिओग्राफीत नसा फारशा रुंद झालेल्या दिसत नाहीत, तरी पेशंट बरे राहतात हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय, म्हणजे ती मेंदूला आणखी कुठूनतरी वाचवते. २१ दिवस पुरे, कारण आकसणीचा काळच तेवढा, बंद केल्यावर नस सहसा परत आवळत नाही. उरलेल्या दोन दिवसांचे डोस मात्र चुकवू नका.

बोलण्याचं खरं सांगतो. रक्त कमी पडून जो भाग तेवढ्यापुरता गप्प झाला तो परत बोलतो, जो मेला त्याचं काम शेजारच्या भागांना शिकवावं लागतं. एमआरआयमध्ये काय आलं ते विचारा आणि स्पीच थेरपी याच आठवड्यात सुरू करा, सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते. चावीला कंगवा म्हणाले तर हसू नका, रागावूही नका, चावी हातात द्या आणि नाव घ्या. बिडी-सिगारेट असेल तर कायमची बंद, यात तडजोड नाही. आणि परत एकदम तसंच डोकं दुखलं, शुद्ध हरपायला लागली किंवा हातपाय जड पडला तर मामांना फोन नंतर, आधी गाडी काढा.