कॅल्शियमने हलणारे दात घट्ट होतात का?

प्रश्न : माझं वय ५८. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.७ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत, आणि डॉक्टर हाडांचं औषध सुरू करणार आहेत. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, खालचे पुढचे दोन दात हलतात. दोन्हींचा संबंध असेल का? कॅल्शियमने दात घट्ट होतील का?
– एक वाचक, कराड

उत्तर : संबंध असू शकतो, पण गोळीने दात घट्ट होणार नाहीत. गोळीच्या भरवशावर महिने निघून जातात आणि तेवढ्यात दाताभोवतीचं हाड आणखी खाली जातं.

बहुतेक वेळा दात हलतो तो हिरडीखाली साचलेल्या कीटणामुळे. तिथल्या जिवाणूंमुळे सूज येते आणि त्या सुजेने हाड विरघळवणाऱ्या पेशी चेकाळतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, तेव्हा याच पेशींचा जोर साऱ्या सांगाड्यात वाढतो. हाडांचा ठिसूळपणा आणि हिरड्यांचा आजार सोबत आढळतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. एकामुळे दुसरा होतोच, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

दंतवैद्याला प्रत्येक दाताभोवती सहा जागी दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली मोजायला सांगा. ३ मि.मी.पर्यंत ठीक. ५-६ मि.मी. खोल खाचेत ब्रश पोचतच नाही. तिथे मुळापर्यंत सफाई लागते. सफाईनंतर फटी दिसतात, दात मोकळे वाटतात. कारण कीटणाने बुजलेली जागा रिकामी झालेली असते आणि सूज उतरलेली असते. ‘सफाईनेच दात सैल झाले’ म्हणून इथेच अनेकजण उपचार सोडतात, आणि घात होतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या, पुढे दर तीन महिन्यांनी दाखवा.

एखादा दात काढावाच लागणार असेल, तर हाडांचं औषध सुरू होण्याआधी काढून जखम भरू द्या. अॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल, डेनोसुमॅब या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचं हाड उघडं राहतं. पण चालू औषध स्वतःहून थांबवू नका. डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन लांबलं, तर मणके मोडू शकतात.

कॅल्शियम आहार धरून दिवसाला १२०० मि.ग्रॅ. हवंच, पण ते मणक्यासाठी, खुब्यासाठी.

प्रश्न : मिश्री लावली की आईच्या हिरड्यांचं रक्त थांबतं. चालू ठेवावी का?

उत्तर : नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. रक्त दिसेनासं झालं तरी खालची झीज चालूच राहते, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरून दोन मिनिटं घासा, आणि रक्त येतं म्हणून ती जागा टाळू नका.