व्हेंटिलेटर सोडवण्याचे संशोधन आणि सहा महिन्यांचा डिप्लोमा

प्रश्न : मी बार्शीजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी बीपीटीएचच्या (फिजिओथेरपीतील पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी माझे सासरे सोळा दिवस व्हेंटिलेटरवर होते. बाराव्या दिवशी घशातील नळी काढली आणि त्याच रात्री पुन्हा घालावी लागली. सुदैवाने ते घरी आले. तेव्हापासून मुलगी म्हणते की नळी केव्हा काढावी, याच विषयावर मला संशोधन करायचे आहे. यजमानांचे एक सहकारी पुण्यातील सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा सुचवतात. फी सव्वा लाख असून नोकरी लगेच मिळते, असे ते सांगतात. हा डिप्लोमा करावा की एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवी? आणि अशा एवढ्याशा विषयाला काही भवितव्य आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले सासरे बरे होऊन घरी आले, हे वाचून बरे वाटले. डिप्लोम्याविषयीचे माझे मत आधीच सांगतो : आपल्या मुलीला जे करायचे आहे, त्यासाठी तो उपयोगाचा नाही. डिप्लोमा वाईट असतो, असे मला म्हणायचे नाही. ‘क्लिनिकल रिसर्च’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामे चालतात आणि जाहिरातीत ती एकच भासतात, एवढाच घोळ आहे. पहिले काम औषध कंपन्यांच्या चाचण्या चालवण्याचे आहे. त्यात रुग्णांच्या नोंदी, संमतीपत्रे, केंद्रांची तपासणी, विदा तपासून घेणे हे सारे येते. पुण्या-मुंबईत या कामाच्या नोकऱ्या आहेत आणि ते नेटके, जबाबदारीचे काम आहे. दुसरे काम रुग्णाच्या खाटेशी उभे राहून प्रश्न विचारण्याचे आहे. व्हेंटिलेटर सोडवण्याच्या संशोधनात विकायला बहुधा नवे औषध नसते, त्यामुळे त्यामागे कंपनीचा पैसाही क्वचितच असतो. तिथला प्रश्न पद्धतीचा असतो आणि तो त्याच अतिदक्षता विभागात राबणारी माणसे उपस्थित करतात.

आयसीयूत या प्रक्रियेला ‘वीनिंग’ म्हणतात. बाळाचे अंगावरचे दूध तोडणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे आणि दूध जसे हळूहळू तोडतात, तसाच यंत्राचा आधारही हळूहळू कमी करावा, अशी समजूत पुष्कळ काळ होती. एस्तेबान आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी 1995 साली ही समजूत तपासून पाहिली. त्यांच्या 546 रुग्णांपैकी 416 जण पहिल्याच दोन तासांच्या चाचणीत स्वतःच्या श्वासावर टिकले आणि त्यांची नळी काढण्यात आली. म्हणजे तीन चतुर्थांश रुग्णांचे ‘दूध तोडायला’ मुळात लागलेच नाही. उरलेल्या 130 जणांवर चार पद्धती वापरून पाहिल्या. यंत्राने द्यायच्या श्वासांची संख्या टप्प्याटप्प्याने उतरवत नेण्याच्या पद्धतीपेक्षा, रोज एकदा रुग्णाला यंत्राविना श्वास घेऊ देऊन पाहण्याच्या पद्धतीने नळी सुमारे तिप्पट लवकर निघाली. शब्दाने मनात उभे केलेले चित्रच चुकीचे होते, हे माणसांवर चाचणी घेतल्यावर कळले. विषय एवढासा आहे, असे आपण लिहिता. पण यंत्रावरचा प्रत्येक जादा दिवस रुग्णाला महाग पडतो. 2008 साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पूर्ण विश्रांती मिळालेल्या श्वासपटलाचे (श्वास घेण्याच्या मुख्य स्नायूचे) तंतू 18 ते 69 तासांतच निम्म्याहून अधिक बारीक होतात.

फिजिओथेरपिस्टची जागा इथेच येते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या श्वायकर्ट यांच्या 104 रुग्णांच्या अभ्यासात, व्हेंटिलेटरवर असतानाच गुंगी रोज थांबवून ज्यांना बसवले, उभे केले, चालवले, त्यांपैकी 59 टक्के लोक रुग्णालयातून जाताना स्वतःचे स्वतः करू शकत होते, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होते. श्वास घेण्याच्या स्नायूंना व्यायाम देण्याच्या मार्टिन यांच्या 2011 च्या अभ्यासात, 69 रुग्णांपैकी व्यायाम मिळालेल्या गटातले 71 टक्के आणि दुसऱ्या गटातले 47 टक्के रुग्ण यंत्रावरून सुटले. हे आकडे वाचून कोणत्याही फिजिओथेरपिस्टचा ऊर भरून यावा, यात नवल नाही. पण त्याच्या शेजारी आपल्या मुलीने 2022 चा ‘टीम’ हा अभ्यासही ठेवावा. ऑस्ट्रेलियातील कॅरल हॉजसन या स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांच्या नेतृत्वाखाली 750 रुग्णांवर झालेल्या या चाचणीत, नेहमीपेक्षा लवकर आणि अधिक हालचाल करवून घेतल्याने 180 दिवसांच्या हिशेबात लाभ दिसला नाही. उलट त्या गटात प्रतिकूल घटना अधिक घडल्या, 4.1 च्या जागी 9.2 टक्के. आपल्याच विद्येविरुद्ध आलेले उत्तर जसेच्या तसे छापण्याची तयारी आहे का, हे मुलीला जरूर विचारा. या वाटेवर गुणांपेक्षा ही तयारी मला महत्त्वाची वाटते.

दुसरी कसोटी अधिक रुक्ष आहे. नळी काढण्यापूर्वी एक साधे गणित करतात. ते 1991 साली यांग आणि टोबिन यांनी मांडले. रुग्णाचे मिनिटाचे श्वास मोजायचे आणि त्यांना एका श्वासात आत जाणाऱ्या हवेच्या लिटरमधील मापाने भागायचे. उत्तर 105 च्या वर गेले, तर रुग्ण उथळ आणि भराभर श्वास घेतो आहे आणि नळी काढणे बहुधा फसेल, असा संकेत मिळतो. समजा, हवा 0.25 लिटर आहे आणि श्वास 24 आहेत. उत्तर 96, म्हणजे रुग्ण पास. आता हेच श्वास घाईत असलेल्या कोणी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले आणि सहाच्या जागी सात मोजले, तर श्वास 28 होतात, उत्तर 112 येते आणि तोच रुग्ण नापास होतो. छातीची एक हालचाल मोजण्यात चुकली, एवढेच घडलेले असते. माझ्या परिचयातील एका संशोधन समन्वयिकेने सांगितले होते की तिच्याकडे आलेल्या नोंदींत टी-पीस (यंत्राविना श्वास घेऊ देण्यासाठी नळीला लावायचा जोड) लावल्याची वेळ जवळजवळ प्रत्येक रुग्णाची सकाळी बरोबर दहा अशी होती. नोंद पुढे राउंडच्या वेळी आठवून लिहिली जात होती. ज्या मुलीला घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट छातीकडे पाहत उभे राहण्याचा कंटाळा येत नाही, तिने या क्षेत्रात यावे.

आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत जे घडले, त्याला संशोधनाच्या भाषेत नळी काढणे अयशस्वी होणे म्हणतात. ते घडते म्हणजे कोणाचा हलगर्जीपणा झाला, असे धरू नये. सर्व चाचण्या पार केलेल्या रुग्णांतही साधारण दहा ते वीस टक्क्यांना पुन्हा नळी लागते, आणि एकालाही पुन्हा नळी लागू नये म्हणून सर्वांनाच यंत्रावर अडकवून ठेवले, तर तोटा अधिक होतो. या दोन चुकांतील तोल कुठे साधावा, हाच मुलीचा विषय आहे. तिने घरच्या अनुभवातून प्रश्न घ्यावा, पण उत्तर तिथून घेऊ नये.

आता एमपीटीएचकडे येतो. तिने कार्डिओरेस्पिरेटरी (हृदय आणि श्वसनाची) शाखा घ्यावी, असे मी सुचवेन. पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध अनिवार्य असतो आणि तोच तिचा पहिला अभ्यास ठरू शकतो. आपल्या बहुतेक रुग्णालयांत व्हेंटिलेटरची मापे बदलणे आणि नळी काढण्याचा आदेश देणे हे डॉक्टरांच्या हाती असते, ही मर्यादा मात्र तिला आधीच ठाऊक असावी. अमेरिकेत 1997 साली कोलेफ यांनी 357 रुग्णांवर दाखवले होते की परिचारिका आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट यांनी ठरलेल्या नियमावलीनुसार चालवलेली प्रक्रिया डॉक्टरांच्या मर्जीनुसार चालणाऱ्या प्रक्रियेपेक्षा लवकर संपते. तरी आपल्याकडे सवयी सावकाश बदलतात. तिचे संशोधन इंटेन्सिव्हिस्टच्या, म्हणजे आयसीयूतील तज्ज्ञ डॉक्टरांच्या, सहकार्याशिवाय उभे राहणार नाही. सुरुवातीचा पगारही बेताचाच असेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे पीएचडी आणि अध्यापनाची वाट मात्र खुली राहते. सव्वा लाख हाताशी असतील, तर ते एमपीटीएचच्या फीसाठी राखून ठेवा.

डिप्लोम्यात जे खरोखर शिकण्यासारखे असते, त्याचा मोठा भाग, म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (माणसांवरील चाचण्या नीट चालवण्याचे) नियम, काही तासांच्या ऑनलाईन प्रशिक्षणातून फार खर्च न करता शिकता येतो. सोबत तिने आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत, विशेषतः जो रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नाही, त्याच्याविषयीचा भाग. गुंगीतल्या माणसाच्या वतीने नातेवाईक सही करतात. आयसीयूच्या दाराबाहेर रात्रभर बसलेल्या त्या माणसाला ‘कोणता उपचार मिळणार, तो गट चिठ्ठी टाकून ठरेल’ हे सोप्या मराठीत, घाबरवल्याशिवाय आणि फसवल्याशिवाय सांगणे फार थोड्यांना जमते. आपण स्वतः त्या बाकावर बसलेल्या आहात. मुलीला यात आपल्याइतके चांगले कोणी शिकवू शकणार नाही.

भारतातील चाचण्यांची नोंद ठेवणारी सीटीआरआय ही सार्वजनिक नोंदवही 2007 पासून सुरू आहे आणि ती कोणालाही मोफत पाहता येते. तिथे ‘वीनिंग’ हा शब्द इंग्रजीत घालून शोध घ्यायला तिला सांगा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही तिथे नोंदवलेले असतात, त्यामुळे कोणत्या महाविद्यालयात या विषयाचे मार्गदर्शक आहेत, हे माहितीपत्रकापेक्षा तिथे लवकर कळते. त्यातून तीन-चार महाविद्यालये निवडावीत आणि प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारून घ्यावे : व्हेंटिलेटरच्या खाटा किती आहेत, रविवारी फिजिओथेरपिस्ट आयसीयूत जातो का, आणि मागच्या तीन वर्षांत किती प्रबंध आयसीयूत झाले. पण हे सारे शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर. तोवर इंटर्नशिपमध्ये आयसीयूची पाळी जास्तीत जास्त मिळावी, असा अर्ज तेवढा तिने विभागप्रमुखांकडे आताच देऊन ठेवावा.